मुका वाटा

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं.

कर्जत तालुक्यातल्या एका गावात, गावदेवीसमोरच्या मांडवात, वाल्मिकने यादीतलं सातवं नाव पुकारलं.

आणि उत्तर आलं...

त्या घरात एकशे सहा वर्षं कोणी राहत नव्हतं.

ही ऐकीव गोष्ट नाही. मांडवात तेव्हा दीडशेच्या वर माणसं होती. लख्ख ऊन होतं. त्यातल्या कोणालाही विचारा. ते सांगतील की विषय बदलतील, हा भाग वेगळा. कळंबहून पोशीरकडे जाताना हे गाव आत लागतं. नाव इथे गाळलं आहे, कारण ज्यांच्यावर हे बेतलं ती माणसं अजून तिथेच राहतात. तारखा आणि वेळा मात्र जशाच्या तशा आहेत.

आधी गावची रीत सांगायला हवी.

माघी पुनवेनंतरच्या पहिल्या रविवारी गावदेवीला बकरा पडतो. मटणाचे वाटे पळसाच्या पत्रावळींवर मांडले जातात. मूळ घरं सव्वीस.

वाटे सत्तावीस.

मग पुकाऱ्या उभा राहतो. यादीतलं एकेक घर मूळपुरुषाच्या नावानं पुकारतो. ज्याचं घर त्यानं ओरडून म्हणायचं, "हाय!" वाटा न्यायचा. तीनदा पुकारून उत्तर आलं नाही, तर त्या घराचा वाटा शेताच्या बांधावर ठेवून यायचा. आणि उत्तर आलं की नाही, हे फक्त पुकाऱ्यानं ठरवायचं. त्याच्या कानावर पडलं तर हाय. नाही पडलं तर नाय. बाकी गावाच्या कानांना त्या दिवशी किंमत नाही.

पुकाऱ्याचा मान वाल्मिकच्या घराकडे. त्याच्या आज्यापासून.

सहा नावं झाली की पुकाऱ्या गप्प होतो. दहा-बारा श्वास जातील इतका वेळ. तेवढ्यात एक माणूस सातवी पत्रावळ उचलतो आणि पूर्वेकडच्या बांधाच्या टोकाला, ऐनाच्या झाडाखाली एक पडकं जोतं आहे, तिथे ठेवून येतो. याला मुका वाटा म्हणतात. कोणाचा? कोणी म्हणे राखणदाराचा, कोणी म्हणे पितरांचा. कोणी कधी खोलात गेलं नव्हतं.

खोलात गेली ती सुरभी.

सुरभी वाल्मिकची मुलगी. वय तेहतीस. नेरळकडच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा गावकीनं ठरवलं की गावाच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायची. काम आपोआप तिच्याकडे आलं. शाळा कधी आली, वीज कधी आली, जुनी विहीर कोणी खणली... ती एकेक गोष्ट दोन-दोन जणांकडून तपासून घ्यायची. तारीख पक्की झाल्याशिवाय वाक्य लिहायची नाही.

जानेवारीत तिला माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पुकाऱ्याच्या दोन वह्या सापडल्या. एक आजोबांच्या हातची, साध्या अक्षरातली. दुसरी त्याहून जुनी, पणजोबांची. सगळी मोडीत. घरात मोडी कोणाला येत नव्हती. सुरभी शिकली होती.

आजोबांच्या यादीत सातव्या आकड्यासमोर नुसती आडवी रेघ होती.

पणजोबांच्या यादीत तिथे नाव होतं. राघो लहानू.

सुरभीला वाटलं, नकलताना एक नाव गळलं. सरळ चूक. आणि चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं नवी यादी टाइप केली, बाबांना चष्म्याविना वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरात. सातव्या जागी नाव घातलं.

"बाबा, एक नाव राहिलं होतं जुन्या यादीतलं. घातलंय."

वाल्मिक बैलांना पेंढा टाकत होता. "बरं केलंस," तो म्हणाला. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

तर, १६ फेब्रुवारी.

सहा नावं झाली. सवयीप्रमाणे वाल्मिक थांबला. प्रवीणनं पत्रावळ उचलायला हात घातला. प्रवीण शेजारचा. मटण तोच तोडतो, वाटे तोच करतो, आणि तोंडही त्याचंच चालतं.

वाल्मिकची नजर कागदावर गेली. तिथे नाव होतं. त्यानं वाचलं.

"राघो लहानूऽऽ!"

प्रवीण म्हणाला, "कोन रं ह्यो राघो? वाल्मिकदा, नवीन जावई केलास का काय, आमाला न सांगता?"

मांडव हसला. सुरभीही हसली.

पण यादीत नाव आहे म्हणजे तीनदा पुकारायचं. वाल्मिक नियमाचा माणूस. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं.

हसू ओसरलं. चुलीवरच्या हंड्याखाली लाकूड तडकलं, तेवढाच आवाज.

बायकांच्या रांगेत अंबाबाई बसली होती. गावातली सगळ्यात म्हातारी, अठ्ठ्याऐंशीची. ती काठी टेकत उठायला लागली. "वाल्मिक... वाल्मिक, नको रं..."

त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं.

आणि पूर्वेकडून, कापून गेलेल्या भाताच्या मोकळ्या खाचरांवरून...

"हाय."

एक जाड, म्हाताऱ्या बाईचा आवाज. त्यातच मिसळलेला दुसरा, तरण्या बाईचा. आणि मग, जरा उशिरा, कोणीतरी ढोसल्यावर म्हणावं तसा...

एका लहान मुलाचा.

सगळ्या माना तिकडे वळल्या. खाचरं रिकामी होती. ऐनाखाली कोणी नव्हतं. चिटपाखरू नव्हतं.

"फुडं बोल," अंबाबाई म्हणाली. तिचा हात तोंडावर होता. "थांबू नको. फुडं बोल."

वाल्मिकनं नावापुढे खूण केली. पुढची नावं घाईघाईनं पुकारली. चौदावं घर त्याचं स्वतःचं. "हिरोजी धर्माऽऽ!"

"हाय!" त्याची बायको जना म्हणाली. चार हातांवर उभी होती.

वाल्मिकनं पुन्हा पुकारलं.

"हाय म्हनलं ना!"

"वैनी, जोरात," कोणीतरी म्हणालं. "घाबरलाय तो."

वाल्मिकनं तिसऱ्यांदा पुकारलं. जना अक्षरशः किंचाळली. तो इकडेतिकडे बघत राहिला. मग प्रवीणनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटानं दाखवलं. "अरे, ती काय. हाय म्हनतेय की." तेव्हा त्यानं खूण केली.

त्या गडबडीत याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

एका पोरानं सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. सुरभीनं तो त्याच संध्याकाळी पाहिला. वाल्मिकची हाक ऐकू येते. प्रवीणचा विनोद ऐकू येतो. तिसऱ्या हाकेनंतर सात सेकंद काहीच नाही.

पण सातव्या सेकंदाला दीडशे माणसं एकदम मान वळवतात.

पुढचे आठ-दहा दिवस वाल्मिक घरात गप्प असायचा. जना म्हणायची, भ्यालाय, होईल बरा. मग एक दिवस सुरभीच्या लक्षात आलं, की बाबा गप्प नाहीत. ते उत्तर देत नाहीत.

कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत होती. गोठ्यातला बैल ऐकू येत होता. रस्त्यावरून कोणी "काय वाल्मिकदा?" म्हटलं, की खाटेवरून जबाब जायचा.

जना आणि सुरभी बोलल्या, की काही नाही.

एकदा तिनं शाळेतून फोन केला. मधली सुट्टी होती. "बाबा, मी बोलतेय."

"हॅलो... कोन हाय? पोरं लई दंगा करतात तिथं. बोला ना, कोन?"

मागची पोरं त्यांना ऐकू येत होती. ती नाही.

तिनं त्यांना कर्जतला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. दोन्ही कान उत्तम. वयाच्या मानानं फारच चांगले, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सुरभीला मागे उभं राहून बाबांना हाक मारायला सांगितलं. तिनं मारली. नर्सनं मारली.

वाल्मिक नर्सकडे वळला.

घरात व्यवहार प्रवीणमार्फत सुरू झाला. जना कुंपणापाशी जायची, "सांग त्यांना, पेंढा संपलाय." प्रवीण ओरडायचा, "वाल्मिकदा, पेंढा संपलाय म्हनते!" वाल्मिक उत्तर द्यायचा. प्रवीण सुरुवातीला मजा करायचा. "वैनी, भांडायचं असंल तर सकाळीच सांगा, दुपारी मी शेतावर असतो." जनाही हसायची. मे महिन्यापर्यंत. मग एक दिवस ती कुंपणापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "सांग त्यांना... जाऊ दे. काय नाय." आणि आत गेली.

त्या रात्री सुरभीनं मोडीची वही पुन्हा काढली. आधी तिनं फक्त यादी वाचली होती. आता मागची पानं वाचली.

शके १८४०, आश्विन. म्हणजे इसवी सन १९१८. मानमोडीच्या तापाचं, इन्फ्लुएन्झाच्या साथीचं वर्ष.

राघो लहानूच्या घरात ताप शिरला. राघो गेला. घर गावाबाहेर, बांधाच्या टोकाला. गावानं बांधावर काटेरी झाप लावून वाट बंद केली. रोज सकाळी सूर्य ऐनाच्या शेंड्यावर आला, की पुकाऱ्यानं झापापाशी उभं राहून नाव पुकारायचं. आतून उत्तर आलं तर तेवढ्या माणसांचं अन्न झापापाशी ठेवून परत यायचं. रोजच्या उत्तरांची नोंद वहीत होती. कोरडी, एकेका शब्दाची.

पहिला दिवस, पाच. दुसरा, पाच. तिसरा, पाच. चौथा, चार...

दहावा, तीन.

अकरावा दिवस, उत्तर नाही.

सुरभीनं वही दिव्यापाशी नेली. 'उत्तर नाही'च्या खाली आधी लिहिलेला एक शब्द होता. शाईनं खोडलेला, पण उजेडात दिसत होता.

तीन.

त्याच्याखाली, त्याच दिवशी, त्याच हातानं एक ओळ होती. "काशीला ताप."

काशी म्हणजे काशिनाथ. चार वर्षांचा. सुरभीचे आजोबा. ते पुढे ऐंशी वर्षं जगले.

ती सकाळी अंबाबाईकडे गेली. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. सुरभीनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "वाचलंस ना?"

"आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या सासूला म्हाईत व्हतं. ती तवा पोर व्हती. सांगायची, लोकं बोलायला लागली, अन्न जातंय त्याच वाटंनं ताप परत येतोय. तुझ्या पंज्याचं पोर पडलं. त्यानं येऊन सांगितलं, उत्तर येत नाय. पुकाऱ्या नाय म्हनला म्हंजे नाय. कोन बोलनार?"

"आणि ती माणसं?"

अंबाबाईनं लसणाची पाकळी हातातच धरली. "सासू म्हनायची, अजून चार दीस गोदा 'हाय हाय' करत व्हती. राघोची बायको. कोनी पुकारत नव्हतं, तरी रोज त्याच टायमाला म्हनायची." जराशानं ती म्हणाली, "नाव घ्यायचं नाय, वाटा द्यायचा, असं मंग ठरलं. तू नाव घेतलंस गं."

"चूक होती म्हणून घातलं मी, आजी."

"चूकच व्हती," अंबाबाई म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

सुरभीनं सगळं कागदावर लिहून बाबांपुढे ठेवलं. लिहिलेलं ते वाचू शकत होते. वाल्मिकनं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "हे पुस्तकात घाल."

गावकीनं नको म्हटलं. पुस्तिका आजही छापलेली नाही.

८ फेब्रुवारी २०२६. पुन्हा मांडव. या वेळी यादी आजोबांचीच होती, सातव्या जागी रेघ असलेली. वाल्मिक रेघेपाशी थांबला, प्रवीण पत्रावळ ठेवून आला, सगळं रीतसर झालं. चौदावं घर आलं.

जनानं उत्तर दिलं. सुरभीनं दिलं. दुसऱ्या हाकेला प्रवीणनं बोटानं दाखवलं. वाल्मिकनं त्याचा हात बाजूला केला.

"कानावर पडलं पाह्यजे," तो म्हणाला.

त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं. बायको आणि मुलगी समोर उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांचे ओठ हलताना त्याला दिसत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"उत्तर नाय," वाल्मिक म्हणाला, आणि यादीत तसं लिहिलं.

त्यांच्या घराचा वाटा बांधावर गेला. प्रवीणनं नेला.

दुसऱ्या दिवसापासून वाल्मिक सकाळी साडेसातला, सूर्य ऐनाच्या शेंड्यावर आला की, बांधावर जायला लागला. बरोबर तीन भाकऱ्या आणि पणजोबांची वही. सुरभीनं अडवलं नाही. तिलाही वाटलं, जिथे थांबलं तिथून पुढे गेलं तर कदाचित सुटेल. पहिल्या दिवशी ती बरोबर गेली. बाबांनी हाक मारली. तिला काहीच ऐकू आलं नाही. बाबांनी मात्र मान डोलावली आणि अकराव्या दिवसाच्या खाली लिहिलं...

बारावा दिवस, तीन.

तेरावा, तीन. चौदावा, तीन. सुरभी रोज संध्याकाळी वही बघायची. आकडा कमी होईल, शून्यावर येईल, आणि बाबा घरी येऊन आईला हाक मारतील, असं तिनं मनाशी धरलं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळचे साडेसात. सुरभी घरीच होती. जना तव्यावर भाकरी टाकत होती. एकाएकी तिनं मान वर केली, आणि...

"हाय," ती म्हणाली.

"कोणाला म्हणतेस गं?"

"पुकारलं ना आत्ता कोनीतरी."

कोणी पुकारलं नव्हतं. बांध घरापासून अर्धा किलोमीटर लांब आहे.

वाल्मिक परत आला तो पायऱ्यांवरच बसला. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता. जना दारातच उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुजा आवाज ऐकला गं आज. लई दिसांनी."

"कुठं?" जनानं विचारलं.

ते त्याला ऐकू आलं नाही.

वहीत लिहिलं होतं, पंचविसावा दिवस, चार.

सुरभीनं वही लपवली. दुसऱ्या दिवशी वाल्मिक कागदाचा कपटा घेऊन गेला. तिनं हातवारे केले, लिहून दिलं, पाया पडली. त्यानं लिहिलेलं वाचलं आणि एवढंच म्हणाला, "आता मी पुकारायचं बंद करू? पुन्हा?"



२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सुरभीचा पहिला तास. शाळा सकाळची, सात वीसला भरते. ती नववीच्या वर्गात हजेरी घेत होती. पंधरा-सोळा नावं झाली. मग तिला वाटलं, मुलं तिच्याकडे जरा विचित्र बघताहेत.

"काय झालं?"

पहिल्या बाकावरची रिया चाचरत म्हणाली, "मॅडम, तुम्ही मधेच 'हाय' म्हणालात."

"मी?"

"हो. जोरात. आणि खिडकीकडे बघून."

सुरभीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसात वाजून एक मिनिट झालं होतं. आपण काही बोललो, हे तिला आठवत नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली. बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. कपटा यादीसारखाच घडी करून त्यांच्या खिशात होता. तिनं तो काढला. त्यांनी काढू दिला.

तिसावा दिवस, पाच.